पाहिलं तेवढंच सांगावं

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असा मजकूर वगळून ते थोडक्यात देते आहे.)

प्रश्न : माझं वय ४६. लहानपणापासून मी खोटं बोलत नाही आणि कुणाचं खपवूनही घेत नाही. जे खरं असेल ते तोंडावर सांगते. त्यापायी काही नाती तुटली, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला माणसं चेहऱ्यावरून कळतात.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने व्यवसायासाठी म्हणून आईकडून पैसे घेतले आणि झटपट कमाईच्या नादात शेअर बाजारात घालवले. वर्षभर तो तिला खोटे हिशेब दाखवत होता. बँकेचे कागद माझ्या हाती लागले आणि सगळं बाहेर आलं. घरात नातेवाईक जमलेले असताना मी त्याला म्हटलं, ‘तू आईला फसवलंस. तू खोटारडा आहेस आणि मरेपर्यंत खोटारडाच राहशील.’ त्याची दहा वर्षांची मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे फिरली. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही.

तो आता नोकरी करतो. आईचे सगळे पैसे त्याने हप्त्याहप्त्याने फेडले. शेवटचा हप्ता दिल्यावर त्याने मला मेसेज पाठवला, तो मी अजून उघडलेला नाही. आई आता थकली आहे. तिच्या खात्यावर माझ्याबरोबर त्याचंही नाव असावं असं ती म्हणते. मी नाही म्हणाले. त्यावर ती म्हणाली, ‘तुला माणसाची चूक बरोबर दिसते, माणूस दिसत नाही.’ हे फार लागलं.

आणखी एक सांगायचं आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडून एक अहवाल उशिरा गेला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, हाताखालच्या मुलीने आकडे वेळेवर दिले नाहीत. खरं म्हणजे आकडे दोन दिवस माझ्याकडेच पडून होते. आईचा ताप उतरत नव्हता, रात्रभर जागरण झालं होतं, तोंडातून निघून गेलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला जवळ केलं तर माझ्या तत्त्वांचं काय? की माझ्याकडे तत्त्वं उरलीच नाहीत?

– एक ताई

उत्तर :

ताई, नमस्कार.

भावाची गोष्ट तुम्ही आधी आणि सविस्तर लिहिलीत आणि ऑफिसची ‘आणखी एक’ म्हणून शेवटी. मी मात्र ऑफिसपासून सुरुवात करणार आहे, कारण तुम्हाला जे विचारायचं आहे त्याचा धागा तिथे आहे.

साहेबांसमोर तुम्ही जे बोललात त्याची कारणं तुम्ही दिली आहेत. आईचा ताप, जागरण, थकवा, तोंडातून निघून जाणं. यातलं एकही कारण मला खोटं वाटत नाही. अशा अवस्थेत माणूस आधी स्वतःला वाचवायला बघतो. पण तुमच्या भावाबद्दलचा मजकूर पुन्हा वाचला, तर तिथे एकही कारण नाही. पहिला तोटा झाला तेव्हा तो कुणाशी बोलला का? आईला खोटा हिशेब पहिल्यांदा दाखवला, त्या दिवशी तो ‘आज एवढं निभावू, पुढच्या महिन्यात भरून काढू’ असं मनाशी म्हणत होता का? की त्याने थंड डोक्याने फसवायचंच ठरवलं होतं? तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. मात्र माझ्यासमोर हा प्रश्न उघडा आहे आणि तुमच्या मनात तो सहा वर्षांपूर्वीच मिटला आहे.

हे तुमच्या एकटीचं होत नाही. लोक दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधतात आणि त्याच्यावर आलेल्या परिस्थितीचं वजन कमी धरतात, ही मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा नोंदवली गेलेली गोष्ट आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तिला माणसं जोखण्यातली मूलभूत चूक म्हटलं. असं होतं यात नवल नाही. तुमचं जागरण तुम्ही सोसलंत. त्याची रात्र तुम्ही पाहिली नाहीत, तुम्हाला दिसला तो फक्त तो आणि समोर पडलेले बँकेचे कागद. पण जिने आयुष्यभर खरेपणाची बाजू धरली, तिने आपली नजर कुठवर पोचते हे स्वतःला विचारायलाच हवं.

आता त्या दिवशीचं तुमचं वाक्य घेऊ. ते तुम्ही एका दमात बोललात, पण त्यात तीन वेगळी विधानं आहेत. ‘तू आईला फसवलंस’ हे खरं, त्याचे कागद तुमच्या हातात होते. ‘तू खोटारडा आहेस’ हा त्या एका वर्षावरून काढलेला निष्कर्ष. आणि ‘मरेपर्यंत राहशील’ हे तुम्हाला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तिन्ही तुम्ही सारख्याच ठामपणे म्हणालात, आणि पहिलं पुराव्यानिशी खरं असल्यामुळे बाकीची दोन त्याच्या जोरावर खरी म्हणून खपली. खोलीत बसलेल्या कुणीही तुम्हाला थांबवलं नाही, कारण चूक त्याची होती आणि राग रास्त होता. राग रास्त होता हे मीही मानते. तरी तिसऱ्या विधानापुरतं मी स्पष्ट बोलते: ज्याची तुम्हाला माहिती नव्हती ते तुम्ही माहिती असल्यासारखं सांगितलंत. खरेपणाच्या तुमच्याच मापाने ते बसत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे स्वभाव असा काही नसतोच? असतो. पण आपण धरून चालतो तितका तो एकजिनसी नसतो. अमेरिकेत १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांच्या खरेपणाच्या चाचण्या घेतल्या. वर्गातल्या परीक्षेत उत्तर बदलण्याची संधी, खेळात स्वतःचे गुण वाढवून सांगण्याची संधी, पैसे खिशात टाकण्याची संधी, असे निरनिराळे प्रसंग त्यांनी मुलांसमोर आणले. मुलांना पकडलं जाण्याची भीती वाटणार नाही अशी त्याची रचना होती. १९२८ मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष आजही अभ्यासले जातात. एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणी करेलच असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. नंतरच्या अभ्यासकांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बऱ्याच प्रसंगांची बेरीज केली तर माणसागणिक काही सातत्य दिसतं असंही आढळलं. त्यामुळे सगळं परिस्थितीवर ढकलण्याची सोय नाही. पण एका प्रसंगावरून पुढच्या प्रसंगाचं भाकीत करणं भरवशाचं नाही, हे मात्र पक्कं. तुमच्याजवळ भावाची बेरीज आहे का? एक वाईट वर्ष आहे. आणि त्यानंतरची, हप्ते फेडण्याची वर्षं आहेत, जी तुम्ही हिशेबात धरलेलीच नाहीत.

‘मला माणसं चेहऱ्यावरून कळतात’ असं तुम्ही लिहिलं आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये याविषयीचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे नुसतं बघून-ऐकून ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतात. डोळे मिटून सांगितलं तरी ५० टक्के येतील. पण ताई, तुमच्याकडे याहून जवळचा दाखला आहे. वर्षभर तो तुमच्यासमोर वावरला आणि त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला काहीही कळलं नाही. कळलं ते कागदांवरून. यात कमीपणा नाही. पण आज ‘तो बदललेला नाही’ असं तुम्ही जे धरून चालता, ते कोणत्या कागदावरून? त्याचा एक मेसेज तुमच्या फोनमध्ये आहे आणि तो तुम्ही उघडलेला नाही.

इथे एक अभ्यास मला मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण आपण लोकांबद्दल किती वाईट अंदाज बांधतो ते त्यात स्वच्छ दिसतं. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली: ‘हे बाहेर सापडलं, मला घाई आहे, तुम्ही बघाल का?’ पाकिटं पारदर्शक होती. काहींत पैसे होते, काहींत नव्हते, मालकाचा पत्ता मात्र सगळ्यांत होता. हे लोक मालकाला कळवतात का, एवढंच पाहायचं होतं. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांची खबर मालकाला गेली, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांची. तीन देशांत त्यांनी रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढलं. सर्वसामान्य लोकांना अंदाज विचारला होता, तेव्हा त्यांना नेमकं उलटं वाटलं होतं: पैसे जितके जास्त, तितके लोक गप्प बसतील.

असं का झालं असावं याचं संशोधकांनी दिलेलं एक कारण तुमच्या घरच्या गोष्टीला येऊन भिडतं. पाकिटात जास्त पैसे असतील तर ते ठेवून घेणं ही चोरी वाटते, आणि स्वतःकडे चोर म्हणून बघायला माणसाला नको असतं. ‘आपण तसे नाही’ ही भावना त्याला सावरून धरते. पकडले जाण्याच्या भीतीइतकीच, कित्येकदा तिच्याहून जास्त. आता विचार करा, चूक उघडी पडलेल्या माणसाला त्याच्या मुलीदेखत कुणी सांगितलं की तू तसाच आहेस आणि तसाच राहणार, तर सावरायला त्याच्याजवळ काय उरतं? तुमच्या भावाने तरीही सगळे हप्ते फेडले. कशाच्या बळावर फेडले ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही त्याच्याविषयी जे ठरवलं होतं त्याच्या बळावर तर नक्कीच नाही.

माणूस बदलतो का, या प्रश्नाला दीर्घ काळ पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. सुदैवाने काहींनी तसं पाहिलं आहे. १९४० च्या सुमारास शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या दांपत्याने बोस्टन भागातल्या, सुधारगृहात टाकलेल्या ५०० मुलांचा अभ्यास सुरू केला. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी त्या मुलांचा मागोवा थेट त्यांच्या सत्तरीपर्यंत घेतला. कागदोपत्री सगळ्यांची सुरुवात सारखीच वाईट. तरी वय वाढत गेलं तसा बहुतेकांनी गुन्ह्याचा रस्ता सोडला. कोण कधी सोडेल हे त्यांच्या लहानपणावरून सांगता येत नव्हतं. स्थिर नोकरी, चांगला संसार, लष्करातली नोकरी, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं, अशा गोष्टींनी आयुष्याला वळण मिळालेलं दिसलं. आणि काहींना ते वळण कधीच मिळालं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून ‘माणूस बदलतोच’ असा दिलासा मी तुम्हाला देणार नाही. तोही न पाहता केलेला निवाडाच होईल. बदल शक्य असतो, आणि झालाय की नाही ते त्या माणसाच्या आजच्या वागण्यात बघायचं असतं, एवढंच मी म्हणेन.

तत्त्वांबद्दल तुम्ही कळकळीने विचारलं आहे, तेव्हा त्यावर थोडं थांबते. भावाशी बोलण्याने तुमचं कोणतंही तत्त्व मोडत नाही. त्याने केलं ते चूक होतं, आणि तुम्ही आज त्याला जेवायला बोलावलंत तरी ते चूकच राहील. तत्त्वाला तडा गेला तो साहेबांच्या केबिनमध्ये. आणि मला त्यात एक गोष्ट दिसते ती सांगते, रागावू नका. आजवर तुम्ही लोकांना जी सत्यं तोंडावर सांगितलीत, त्यांची किंमत बहुतेक वेळा ऐकणाऱ्याने मोजली. नाती तुटली तेव्हाही तुम्हाला वाईट वाटलं नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. ज्या सत्याची किंमत तुम्हाला स्वतःला मोजावी लागणार होती असं एक समोर आलं, आणि तेव्हा तुम्ही बाजूला झालात. तुमचा खरेपणा खोटा होता असा याचा अर्थ मी मुळीच काढत नाही. या बाजूने त्याची फारशी परीक्षा झाली नव्हती, ती आत्ता झाली. तुम्ही नापास झालात आणि ती गोष्ट मनात दडपून न ठेवता लिहून पाठवलीत. तत्त्वं उरली नसती तर पत्रात तो परिच्छेद आलाच नसता.

म्हणून आधी ऑफिस. भाऊ, बँक, सगळं नंतर. ती मुलगी गेला महिनाभर साहेबांच्या डोळ्यांत कामचुकार ठरली आहे, आणि कदाचित तिला याचा पत्ताही नाही. पुढच्या बढतीच्या वेळी कुणीतरी म्हणेल, ‘ती आकडे उशिरा देते’, आणि ते वाक्य कुठून आलं हे कुणाला आठवणारही नाही. साहेबांना सांगा: ‘तो अहवाल माझ्यामुळे उशिरा गेला. आकडे वेळेवर आले होते, दोन दिवस माझ्याकडे होते. मी तिचं नाव घेतलं ते चुकीचं होतं.’ एवढंच. आईच्या तापाचं आणि जागरणाचं बोलू नका. ती कारणं खरी आहेत, पण तिथे ती काढलीत की तुमच्या बोलण्याची सबब होईल आणि त्या मुलीचं नाव साफ होण्याचं काम अर्धवट राहील. साहेबांनी आपणहून विचारलं तर सांगा. मग त्या मुलीलाही सांगा, तिच्या जागेवर जाऊन. ती चिडली तर चिडू द्या. ‘जाऊ दे ना मॅडम’ असं तिने लगेच म्हणावं अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, हाताखालच्या माणसाला तसं म्हणावंच लागतं.

मग मेसेज उघडा. त्यात काय असेल याचे अंदाज तुम्ही बरेच बांधले असतील, ते बाजूला ठेवून तो वाचा. कदाचित नुसती पावती असेल. कदाचित तुमच्याविषयीचा राग असेल, आणि तो बाळगायचा त्याला हक्क आहे. उत्तर लिहाल त्यात पैशांबद्दलचं आपलं म्हणणं मागे घेऊ नका, ते खरंच होतं. ‘मरेपर्यंत’ म्हणाले ते मात्र मागे घ्या, स्वच्छ शब्दांत. त्याची मुलगी आता सोळा वर्षांची असेल. तिनेही ते ऐकलं होतं. तिलाही तेवढंच आणि तसंच सांगावं असं मला वाटतं. तिच्या बाबांनी काहीच केलं नव्हतं असं भासवू नका. ती मोठी झाली आहे, तिला घरातलं माहीत असणार.

आता बँकेचं खातं. इथे बहुतेक लोकांची गल्लत होते. भावाशी बोलणं, त्याला माफ करणं आणि पैशाचे व्यवहार त्याच्या हाती देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुम्ही उद्या करू शकता. दुसरी मनातून येईल तेव्हा येईल, ओढून आणू नका. तिसरी मुळात तुमच्या हातातलीच नाही, कारण पैसे आईचे आहेत. फसवणूक तिची झाली होती, आणि तीच त्याचं नाव लावा म्हणते आहे. तिला सगळं नीट कळतंय ना याची खात्री तुम्ही जरूर करून घ्या. पण तिच्या वतीने रागावण्याचा हक्क तिने तुम्हाला दिलेला नाही.

तरीही काळजी घ्यायला हवी, आणि ती उघडपणे घ्या. भावाला समोर बसवून विचारा, तो अजून बाजारात पैसे लावतो का, डोक्यावर काही कर्ज आहे का. आडून आडून चौकशी करू नका, सरळ विचारा. झटपट कमाईचा नाद पूर्ण सुटलेला नसेल तर नुसत्या चांगल्या इच्छेवर भागणार नाही. तसं असेल तर नाव लावण्याआधी त्याने त्यासाठी मदत घ्यावी, हे म्हणायला संकोच करू नका. खात्यातून पैसे काढायला तुम्हा दोघांच्याही सह्या लागतील अशी सोय करता येते. प्रत्येक व्यवहाराचा मेसेज आईला, तुम्हाला आणि त्याला, तिघांनाही येऊ दे. महिन्यातून एकदा तिघांनी बसून हिशेब बघा, आणि तुमचा खर्चही त्याच हिशेबात येऊ दे. नियम एकट्या त्याच्यासाठी असले तर ती पाळत होईल, सगळ्यांसाठी असले तर ती घराची पद्धत होईल आणि त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

आणि तो पुन्हा खोटं बोलला तर? ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण पत्रभर ती आहे. तसं झालं तर आईला तारखेनिशी सांगा की अमुक दिवशी अमुक रकमेबद्दल तो खरं बोलला नाही, कागद दाखवा, आणि त्याचं नाव काढायचं की नाही ते तिला ठरवू द्या. नातेवाईकांना त्यासाठी जमवायची गरज नाही.